लुटुपुटीचं कोर्ट, खरीखुरी वकिली

संक्रांत ते रथसप्तमी हे आपले हळदीकुंकवाचे दिवस. यंदा वाण काय लुटायचं, कुणाकडे कधी जायचं, याचीच गडबड. पण ज्या घरात लॉ कॉलेजला जाणारी मुलगी आहे, तिथे याच दिवसांत दुसरीही एक गडबड चाललेली असते. काळा कोट कुणाकडून मागून आणायचा, जाडजूड कागदांच्या चार-चार प्रती स्वस्तात कुठे निघतील, आणि ‘रात्री दोन वाजता फोनवर कुणाशी भांडतेयस गं?’ या आईच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं. जानेवारी ते मार्च हा ‘मूट’चा हंगाम असतो.

मूट म्हणजे मूट कोर्ट. मराठीत त्याला अभिरूप न्यायालय असा भारदस्त शब्द आहे, पण कॉलेजात तो फक्त बॅनरवर दिसतो. बोलताना सगळे मूटच म्हणतात. भातुकलीसारखंच हे लुटुपुटीचं कोर्ट. फरक एवढाच, की भातुकलीतला भात कुणी खाऊन बघत नाही, आणि इथे मात्र एकेक शीत दाबून बघतात.

होतं काय, की आयोजक कॉलेज एक काल्पनिक खटला लिहून पाठवतं. पात्रं खोटी, गावाचं नाव खोटं, पण कायदा खरा. खालच्या कोर्टाचा निकाल लागून गेलेला असतो आणि प्रकरण आता वरच्या कोर्टात आलेलं असतं. म्हणजे कोण काय म्हणालं, काय घडलं, यावर वाद नाही. वाद फक्त कायद्याच्या अर्थावर. संघात साधारणपणे तिघं असतात : दोन बोलणारे आणि एक संशोधन करणारा. आधी लेखी युक्तिवाद पाठवायचा, त्याला मेमोरियल म्हणतात. मग प्रत्यक्ष उभं राहून बोलायचं. आणि मला सगळ्यात गमतीची वाटलेली गोष्ट म्हणजे, संघाला कॉलेजचं नाव लावता येत नाही. नुसता एक सांकेतिक क्रमांक. तुम्ही मुंबईच्या नामवंत कॉलेजातून आलात की एस.टी.नं तालुक्याहून आलात, हे समोर बसलेल्या ‘न्यायाधीशां’ना कळू नये म्हणून.

आता हे हौशी मुलांचं खूळ राहिलेलं नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियानं २००८ मध्ये कायद्याच्या शिक्षणाचे जे नियम केले, त्यांत मूट सक्तीचं आहे. शंभर गुणांचा विषय. त्यातले तीस मूटचे. तीन मूट, प्रत्येकी दहा गुण, पाच लिहिण्याला आणि पाच बोलण्याला. आणखी तीस गुण खऱ्या कोर्टात बसून एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला पाहण्याचे. तीस पक्षकाराशी कसं बोलायचं, खटल्याची तयारी कशी करायची याचे, आणि उरलेले दहा तोंडी परीक्षेचे. कागदावर हे फार छान आहे. प्रत्यक्षात किती ठिकाणी मूटच्या नावाखाली मागच्या वर्षीची वही उतरवून घेतात, हे लॉ कॉलेजातल्या कुठल्याही मुलीला विचारा.

वरच्या पातळीवरच्या स्पर्धांचं तर विश्वच वेगळं. सगळ्यात नावाजलेली जेसप स्पर्धा १९६० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. जगभरच्या विद्यापीठांचे संघ आधी आपापल्या देशात भिडतात आणि जिंकणारे वॉशिंग्टनला जातात. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलनं ती १९९९ आणि २०१३ मध्ये जिंकली आहे. आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर) इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठं आली, मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय तर १८५५ पासूनचं, पुण्याचं आय.एल.एस. १९२४ पासूनचं. तिथल्या मुलांच्या अंगात मूट भिनलेलं असतं. पण आज मला बोलायचंय ते जिल्ह्याच्या गावातल्या मूटबद्दल. कारण आपल्या मुली तिथे आहेत.

माझी भाची, म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी, अशाच एका कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी तिच्या कॉलेजची अंतर्गत स्पर्धा होती. ‘मामी, आईला एकटीला कंटाळा येईल, तू ये सोबत’ म्हणाली, म्हणून मी गेले. वन्सं आणि मी दुसऱ्या रांगेत बसलो. व्यासपीठावर तीन खुर्च्या : एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश, एक गावातल्या ज्येष्ठ वकीलबाई आणि एक प्राध्यापक.

खटला होता मुलीच्या वाट्याचा. वडील २००३ मध्ये वारले, मालमत्ता वडिलोपार्जित, दोन बहिणी भावाकडे वाटा मागतात. अट अशी, की साल २०१९ आहे असं धरून चालायचं.

हे सालच का, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण हा विषय तुमच्या-माझ्या घरातला आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मजात हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी ज्यांची लग्नं झाली त्यांना वगळलं. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राचा कायदा बदलला आणि सगळ्याच मुली आल्या. पण प्रश्न उरला : वडील त्या तारखेआधीच गेले असतील तर? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, त्या दिवशी वडीलही हयात हवेत आणि मुलगीही. २०१८ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठानं, वडील २००१ मध्ये वारले असूनही, मुलींना वाटा दिला. आता खालच्या कोर्टांनी ऐकायचं कुणाचं? ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी हा गुंता सोडवला : हक्क जन्मानं आहे, वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही. म्हणजे २०१९ मध्ये दोन्ही बाजूंना सर्वोच्च न्यायालयाचाच एकेक निकाल हाताशी होता. मूटला याहून चांगला खटला कुठून आणणार!

कोणती बाजू मिळणार, ते चिठ्ठीवर. भाचीच्या वाट्याला भाऊ आला.

ती उभी राहिली. ‘मे इट प्लीज युवर लॉर्डशिप्स’ झालं. (बार कौन्सिलनं २००६ मध्येच ‘माय लॉर्ड’ सोडून ‘युवर ऑनर’ म्हणायला सुचवलंय, पण मूटमध्ये लॉर्डांचं राज्य अजून गेलेलं नाही.) दोन वाक्यं झाली असतील-नसतील, निवृत्त न्यायाधीशांनी हात वर केला.

‘काउन्सेल, २००५ चा कायदा मागच्या काळाला लागू होतो की नाही, एवढंच सांगा.’

‘युवर लॉर्डशिप, त्या मुद्द्यावर मी येणारच आहे.’

‘आत्ताच या.’

सभागृहात हशा. वन्संनी माझा हात घट्ट धरला. पोरगी एक क्षण गप्प झाली, हातातले कागद खाली ठेवले, आणि तिसऱ्या मुद्द्यावरून सरळ पहिल्यावर आली. उत्तर दिलं. त्यावर वकीलबाईंनी उपप्रश्न टाकला. तिचंही उत्तर दिलं. मग म्हणाली, ‘आता न्यायालयाची परवानगी असेल तर मी माझ्या दुसऱ्या मुद्द्याकडे वळते.’ आणि वळली.

बघायला साधी गोष्ट आहे. पण जरा आठवून पाहा, आपल्याला बोलताना मध्येच तोडलं, की आपण काय करतो? घरात, सासरी, ग्रामपंचायतीच्या सभेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, शाळेच्या पालकसभेत. एक तर गप्प बसतो, नाही तर आवाज चढतो, नाही तर डोळ्यांत पाणी येतं. आणि मग ‘बायकांना मुद्द्याचं बोलता येत नाही’ म्हणायला सगळे मोकळे. मूटमध्ये तोडणं हाच खेळ आहे. सलग भाषण ठोकणाऱ्याला तिथे कमी गुण पडतात. वक्तृत्व स्पर्धेत आपल्या मुली पहिल्या येतात, ते पाठांतर असतं. इथे पाठांतर दुसऱ्या मिनिटाला निकालात निघतं. थांबवलं तर थांबायचं, विचारलेल्याचंच उत्तर द्यायचं, आणि आपला धागा न सोडता परत जागेवर यायचं. हे शिकवणारी दुसरी जागा मला तरी आपल्या शिक्षणात दिसत नाही.

तोडणं सगळ्यांच्या वाट्याला सारखं येतं, असं मात्र नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कामकाजाचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. वकिलांना नव्हे, खुद्द न्यायाधीशांना कोण किती तोडतं, हे त्यात मोजलं होतं. नऊ जणांच्या त्या न्यायालयात तेव्हा तीन स्त्रिया होत्या. २०१५ च्या सत्रात न्यायाधीशांना बोलताना तोडण्याचे जेवढे प्रसंग झाले, त्यांतले जवळपास दोनतृतीयांश या तिघींच्या वाट्याला आले. त्यांतल्याच एक, न्यायमूर्ती सोनिया सोटोमायर, यांनी २०२१ मध्ये सांगितलं, की नंतर तिथली प्रश्न विचारायची पद्धत बदलली त्यामागे काही अंशी हा अभ्यासही होता. एवढ्या उंच खुर्चीवर बसूनही हे चुकत नसेल, तर आपल्या मुलींनी त्याची सवय कॉलेजातच केलेली बरी.

बरं, आमच्या वन्संची गोष्ट राहिली. पंधराएक वर्षांपूर्वी त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केलेली आहे. ज्या घराला त्याचा फायदा झाला, त्या घरची मी सून. आणि त्यांची मुलगी समोर उभी राहून भावाच्या बाजूनं एकेक कारण मांडत होती : झालेल्या वाटण्या उकरून काढल्या तर किती घरं मोडतील, ज्यानं जमीन कसली त्याचं काय, कायदा बदलण्याआधी ज्याला जे मिळालं त्यावर पुढचे व्यवहार झाले त्यांचं काय. आम्ही दोघी शेजारी-शेजारी, समोर बघत. येताना रिक्षात वन्सं म्हणाल्या, ‘भावाच्या बाजूनं इतकं सगळं सांगण्यासारखं असतं, हे मला सही करताना कुणी सांगितलं नव्हतं. नुसता कागद पुढे केला होता.’

मला त्यावर बोलायला काही सुचलं नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट मात्र डोक्यात बसली. मूटमध्ये दोन्ही बाजूंची तयारी करावी लागते. सकाळी बहिणीची वकिली करायची आणि दुपारी भावाची. काही जणींना हे पटत नाही; हा काय दुटप्पीपणा, म्हणतात. मला तसं वाटत नाही. समोरच्याचं म्हणणं आतून माहीत असलेली मुलगी पुढे जेव्हा एखाद्या वन्संची वकील होईल, तेव्हा भावाचा वकील काय म्हणणार, हे तिला आधीच ठाऊक असेल.

आपल्या भागाला तर बायकांच्या वकिलीचा मान आधीपासूनचा आहे. कॉर्नेलिया सोराबजी नाशिकच्या. जन्म १८६६ चा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर. ऑक्सफर्डला जाऊन १८९२ मध्ये त्यांनी कायद्याची परीक्षा दिली, तिथे ती देणारी पहिली बाई. पदवी हातात पडली ती मात्र १९२२ मध्ये, कारण १९२० पर्यंत बायकांना पदवी द्यायचीच नाही असा तिथला नियम होता. तीस वर्षं! आणि आपल्या देशात बायकांना वकिलीची सनद मिळण्याचा कायदा झाला १९२३ मध्ये. म्हणजे शंभर वर्षं नुकतीच होऊन गेली.

या शंभर वर्षांत काय झालं, हे आकड्यांत पाहिलं तर चित्र विचित्रच दिसतं. सर्वोच्च न्यायालयाच्या संशोधन केंद्रानं २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यानुसार जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायाधीशांत स्त्रिया ३६.३ टक्के आहेत. छान! पण तेव्हाचे सरन्यायाधीश एन. व्ही. रमणा यांनी २०२१ मध्ये सांगितलं होतं, की देशातल्या सुमारे १७ लाख वकिलांत स्त्रिया फक्त १५ टक्के. आणि सर्वोच्च न्यायालयात १९५० पासून २०२५ संपेपर्यंत स्त्री न्यायमूर्ती झाल्या अवघ्या अकरा. त्यांतल्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या.

खालच्या न्यायासनावर तिघांत एक बाई, आणि बाररूममध्ये सहा-सात जणांत एक. असं का? माझं उत्तर असं आहे : न्यायाधीश व्हायला परीक्षा असते. आपल्याकडे ती एम.पी.एस.सी. घेते. उत्तरपत्रिकेवर नंबर असतो, नाव नसतं, वडील कोण ते नसतं. जिथे नंबर आहे तिथे आपल्या मुली पुढे जातात. वकिलीत नंबर नाही. तिथे कुणीतरी सीनियर हवा, त्याच्या टेबलाशी खुर्ची हवी, पक्षकाराचा ‘बाईमाणूस केस लढेल का’ हा संशय संपायला हवा. मूटमधला तो सांकेतिक क्रमांक मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

आणि म्हणूनच मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल घराघरांत नीट समजून घ्यायला हवा. न्यायाधीशपदाच्या पहिल्या पायरीसाठी तीन वर्षं वकिलीचा अनुभव हवा, ही अट १९९३ मध्ये होती, २००२ मध्ये निघाली. त्यामुळे ताज्या पदवीधर मुलींनाही परीक्षा देता येऊ लागली. २० मे २०२५ च्या निकालानं पुढच्या भरतीसाठी ही अट पुन्हा आणली. कारण दिलं ते चुकीचं नाही : ज्यानं कोर्टाचा उंबरा ओलांडलेला नाही, त्यानं एकदम खुर्चीत बसून लोकांच्या जगण्या-मरण्याचे निकाल द्यायचे का? मान्य. पण मुलगी पदवीधर होते तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी. पुढची तीन वर्षं म्हणजे स्थळं बघायची वर्षं. परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी घरात खपते. रोज सकाळी डबा घेऊन कोर्टात जाणारी, संध्याकाळी रिकाम्या हातानं परतणारी मुलगी किती घरांत खपेल? बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनियर वकिलांना शहरात महिना २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत असं सुचवलं. सुचवलं, बंधन घातलं नाही. आमच्या तालुक्याच्या कोर्टात पंधरा हजार देणारा सीनियर मला दाखवा, मी त्याला ओवाळीन. शिवाय कोर्टाची इमारत कशी? सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी २०२४ मध्ये सांगितलेला आकडा ६.७ टक्के. जिल्हा पातळीवरच्या न्यायालयांच्या इमारतींपैकी फक्त एवढ्याच स्त्रियांना सोयीच्या आहेत. दिवसभर पाणी न पिता काम करणाऱ्या वकीलबाई आपल्या ओळखीत असतीलच.

म्हणजे आता वकिली केल्याशिवाय सुटका नाही. मग कॉलेजातल्या पाच वर्षांत, किंवा पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या कोर्सात, तिला उभं राहायचं धाडस देणारी ही एकच जागा आहे. तिथेही मुलींच्या वाट्याला काय येतं, ते जरा बघायला हवं.

त्या दिवशी मी सगळे संघ पाहिले. बहुतेक संघांत बोलणारे मुलगे, किंवा एक मुलगा आणि एक मुलगी. आणि टेबलाच्या टोकाला बसलेली ‘रिसर्चर’ मुलगी. मेमोरियल तिनं लिहिलेलं, निकाल तिनं शोधलेले, बोलणारा अडखळला की चिठ्ठी तिनं सरकवायची. बक्षीस संघाला मिळतं, पण ‘बेस्ट स्पीकर’ वेगळा असतो आणि फोटो त्याचा येतो. विचारलं तर मुलीच म्हणतात, ‘मला लिहायलाच आवडतं.’ आवडत असेलही. स्वयंपाकघरात राहायला आवडतं, असंही आपण म्हणत होतोच की.

दुसरं म्हणजे पैसा. बाहेरगावच्या स्पर्धेला प्रवेशशुल्क, तिघांचं भाडं, दोन रात्रींचं राहणं. मोठ्या कॉलेजांत यासाठी तरतूद असते, लहान कॉलेजात वर्गणी. निकाल शोधायची महागडी संकेतस्थळं मोठ्या कॉलेजांच्या ग्रंथालयात असतात. आमची मुलं कुणाच्या तरी मित्राचा पासवर्ड मागतात. यात एक गोष्ट मात्र खरंच चांगली झाली. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ पासून आपले निकाल ‘ई-एससीआर’वर फुकट खुले केले आणि अनेक निकालांचे मराठी अनुवादही दिले. मोबाइल असलेली कुठलीही मुलगी ते वाचू शकते. पण मग येतो तिसरा अडसर, दोन रात्री बाहेर राहायचा. संघात दोन मुलगे आहेत म्हटल्यावर घरी नकार ठरलेला. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात मुलीच्या जागी दुसरा मुलगा जातो आणि तिनं लिहिलेलं मेमोरियल घेऊन जातो. आयांनो, हा नकार आपणच देत असतो. सोबत प्राध्यापिका हवी, असा आग्रह कॉलेजकडे धरता येतो. तो धरून बघा.

इंग्रजीचा प्रश्न याहून अवघड आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाची भाषा घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजी. मूट त्या वरच्या कोर्टाची नक्कल, म्हणून तेही इंग्रजीत. पण काही अपवाद सोडले तर महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा १९९८ च्या अधिसूचनेनं मराठी ठरलेली आहे. आपल्या गावातून निघालेल्या शंभर मुलींपैकी किती जणी दिल्लीला जाऊन घटनेचा अर्थ लावणार आहेत? बहुतेक जणी इथल्याच कोर्टात पोटगी, जामीन, हद्दीचे वाद, चेक न वटल्याच्या केसेस चालवणार. मग मराठी माध्यमातल्या मुलीनं ‘लॉर्डशिप’चा उच्चार घोटत बसायचं आणि त्यापायी मूटलाच घाबरून दूर राहायचं, याला काय म्हणावं? इंग्रजी शिकूच नये, असं मी म्हणत नाही. २०२० चा तो निकाल मुळातून वाचायचा तर इंग्रजी हवंच. पण बोलण्याचं धाडस आणि इंग्रजीचं धाडस ही दोन वेगळी ओझी आहेत. पहिल्याच दिवशी दोन्ही एकदम डोक्यावर द्यायची गरज नाही.

म्हणून लहान गावांतल्या कॉलेजांनी मूटइतकाच, किंबहुना जास्तच भर ‘मॉक ट्रायल’वर द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. अभिरूप खटला. यात साक्षीदार असतात. सरतपास, उलटतपास, फेरतपास असतो. पंचनामा खोडून काढायचा असतो. तालुक्याच्या कोर्टात खटले जिंकतात-हरतात ते इथे, कायद्याच्या अर्थावर क्वचितच. आणि हे मराठीतच होऊ शकतं, किंबहुना मराठीतच नीट होतं. ‘तुम्ही तेव्हा नेमक्या कुठं उभ्या होता?’ हा प्रश्न इंग्रजीत विचारून कोण काय शिकणार?

उलटतपास कसा करायचा, यापेक्षाही कसा करायचा नाही, हे शिकण्याची जागा तीच आहे. मथुरा खटला आठवतो ना? १९७२ ची घटना, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यातली. एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला. सत्र न्यायालयानं त्यांना सोडलं, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सोडलं. अंगावर खुणा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमती असणार! १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं : उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पुढे २००२ च्या दुरुस्तीनं बलात्काराच्या खटल्यात पीडितेला तिच्या चारित्र्यावरून उलटतपासात प्रश्न विचारायला बंदी आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष कायद्यातही ती आहे. पण कलम पुस्तकात असणं वेगळं आणि वकील तसा प्रश्न विचारायला लागल्याबरोबर उठून ‘हरकत आहे’ म्हणणं वेगळं. त्याला वेळ मिळतो दोन सेकंदांचा. ती दोन सेकंदं सरावाशिवाय हाती लागत नाहीत, मुलींच्याही नाही आणि मुलांच्याही नाही. मुलांनी तर हा सराव जास्तच करावा.

भाचीच्या कॉलेजातल्या एका प्राध्यापिकेनं हे मनावर घेतलंय. येत्या उन्हाळ्याआधी मराठीतून अभिरूप खटला बसवायचा त्यांचा विचार आहे. कौटुंबिक हिंसाचाराचं प्रकरण आहे. वकील, न्यायाधीश, शिरस्तेदार, पट्टेवाला सगळे विद्यार्थीच. अडचण साक्षीदारांची. विद्यार्थी साक्षीदार झाले की आधी ठरवून ठेवलेली उत्तरं देतात, आणि उलटतपास करणाऱ्याला काही शिकायलाच मिळत नाही. म्हणून त्यांना बाहेरच्या बायका हव्यात : एक शेजारीण, एक आशाताई, एक किराणा दुकानदारीण, दोन पंच. घटना तेवढी समजावून सांगणार, उत्तरं ज्यानं त्यानं आपली द्यायची. उलटतपासात उभं राहायची तयारी हवी, एवढीच अट. बचतगटातल्या चार जणींनी नावं दिलीत, मी दुकानदारीण झालेय. वन्संना मात्र फिर्यादीच व्हायचंय.